कृष्णवर्णीय अमेरिकी कथा आणि तिचा वाचक

अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकाची सर्वसाधारणपणे सर्वांत जुनी मानली जाणारी कथा अमेरिकेत छापली गेली नाही, आणि ती इंग्रजीतही नव्हती. न्यू ऑर्लिन्समध्ये १८१७ साली जन्मलेला व्हिक्टर सेजूर तरुणपणी पॅरिसला गेला. तिथल्या ‘रेव्ह्यू दे कोलोनी’ या मासिकात १८३७ मध्ये त्याची ‘ल म्युलात्र’ ही फ्रेंच कथा प्रसिद्ध झाली. मासिकाचा संपादक सिरिल बिसेत हा मार्टिनिक बेटावरचा मिश्रवंशीय, गुलामगिरीचा कडवा विरोधक. कथा घडते सँ-दोमिंगमध्ये, म्हणजे पुढे जिचे हैती झाले त्या फ्रेंच वसाहतीत. मळ्याच्या मालकापासून गुलाम स्त्रीला झालेला मुलगा बायकोच्या मृत्यूचा सूड म्हणून मालकाला मारतो, आणि हाच आपला बाप होता हे त्याला त्याच क्षणी कळते. ही हकिकत सांगतो एक म्हातारा काळा माणूस. ऐकतो एक पाहुणा, ज्याला तो ‘मालक’ अशी हाक मारतो.

सांगणारा काळा आणि ऐकणारा त्याचा ‘मालक’, ही मांडणी या कथापरंपरेच्या मुळाशीच आहे. पुढची शे-दीडशे वर्षे कृष्णवर्णीय कथाकारांसमोर एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत उभा राहिला: कथा कोणाला सांगायची? कोणत्या मासिकात छापली जाणार, ते मासिक कोणाच्या घरी जाणार, संपादक कोण, यावर कथेची भाषा ठरत होती, तिचा शेवट ठरत होता, कधी कधी लेखकाने आपली ओळख द्यायची की नाही हेही ठरत होते. म्हणून या कथेचा इतिहास नियतकालिकांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

यादवी युद्धापूर्वी दक्षिणेत लिहिणे-वाचणे हीच जोखीम होती. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली गुलामांचा उठाव झाला आणि त्यानंतर अनेक राज्यांनी काळ्यांना अक्षरओळख करून देण्यावर बंदी घातली किंवा असलेली बंदी अधिक कडक केली. त्या काळात कृष्णवर्णीयांचे गद्य लिहिले गेले ते प्रामुख्याने उत्तरेत पळून आलेल्यांच्या आत्मकथनांतून. त्यांचा वाचक बहुतांशी गोरा होता, आणि मजकूर खरा आहे, तो याच माणसाने लिहिला आहे, अशी ग्वाही देणारे गोऱ्या प्रतिष्ठितांचे पत्र पुष्कळदा पुस्तकाच्या सुरुवातीला जोडावे लागे. जिथे स्वतःच्या आयुष्याची हकिकतही दुसऱ्याच्या सहीशिवाय खरी मानली जात नव्हती, तिथे काल्पनिक कथा लिहिणे हे धाडसच होते. फ्रेडरिक डग्लसने १८५३ मध्ये ते केले. ‘क्रिओल’ जहाजावर १८४१ साली गुलामांनी यशस्वी बंड केले होते. त्याचा नायक मॅडिसन वॉशिंग्टन याच्यावर डग्लसने ‘द हिरोइक स्लेव्ह’ ही दीर्घकथा रचली. सहा वर्षांनी, १८५९ मध्ये, ‘अँग्लो-आफ्रिकन मॅगझीन’मध्ये फ्रान्सिस एलन वॉटकिन्स हार्परची ‘द टू ऑफर्स’ आली. कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीची ही पहिली प्रकाशित कथा मानली जाते. नात्याने बहिणी लागणाऱ्या दोघींपैकी एक चुकीच्या लग्नात झिजून जाते, दुसरी अविवाहित राहून समाजकार्याला आयुष्य देते, एवढेच तिचे कथानक. तीत रंगाचा प्रश्न समोर येत नाही याचे पुढच्या अनेक वाचकांना नवल वाटले. पण ते मासिक काळ्यांनीच काढलेले होते. आपल्याच माणसांशी बोलताना आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्याची गरज हार्परला भासली नाही, आणि या कथेचे मोल नेमके त्यातच आहे.

युद्ध संपले, गुलामगिरी गेली, आणि १८८० च्या सुमारास उत्तरेतल्या मासिकांना जुन्या दक्षिणेच्या आठवणींचा लळा लागला. जोएल चँडलर हॅरिसचा ‘अंकल रीमस’ १८८० मध्ये आला. थॉमस नेल्सन पेजच्या कथांत तर पूर्वीचे गुलाम स्वतःच मळ्यावरचे दिवस किती सुखाचे होते ते सांगू लागले. या साऱ्या कथा काळ्या माणसाच्या बोलीत होत्या, पण लिहिणारे हात गोरे होते.

या बाजारात चार्ल्स चेस्नट उतरला. त्याचा जन्म १८५८ मध्ये क्लीव्हलँडचा, बालपण नॉर्थ कॅरोलायनातल्या फेएटव्हिलचे, पोटापाण्याचा व्यवसाय लघुलेखनाचा. ‘अटलांटिक मंथली’च्या ऑगस्ट १८८७ च्या अंकात त्याची ‘द गूफर्ड ग्रेपव्हाइन’ छापून आली. वरवर पाहता ती हॅरिसच्याच जातकुळीची. ओहायोहून आलेले जॉन आणि अ‍ॅनी हे गोरे जोडपे द्राक्षमळा विकत घ्यायला येते आणि अंकल ज्युलियस नावाचा म्हातारा त्यांना मळ्याची गोष्ट सांगतो. मालकाने चोरी थांबवण्यासाठी वेलींवर चेटूक करवले. हेन्री नावाच्या नव्या गुलामाने नकळत द्राक्षे खाल्ली. त्याचा जीव वाचला, पण शरीर वेलीशी बांधले गेले. वसंतात वेल फुटली की तो तरणाबांड, हिवाळ्यात वेल वाळली की जख्ख म्हातारा. मालकाने यातून धंदा काढला. वसंतात हेन्रीला चढ्या किमतीला विकायचा आणि हिवाळ्यात स्वस्तात परत घ्यायचा. शेवटी अधिक पिकाच्या हव्यासाने एका उपऱ्याच्या सल्ल्यावरून मुळे उघडी पाडली, वेली करपल्या, आणि हेन्री त्यांच्याबरोबर गेला.

जॉनला हे सगळे म्हाताऱ्याच्या भाबड्या कल्पना वाटतात. त्याला एवढेच कळते की पडीक मळ्यातली द्राक्षे विकून ज्युलियसची कमाई होत होती आणि ती बुडू नये म्हणून त्याने ही गोष्ट रचली असावी. तो मळा घेतोच, आणि ज्युलियसला गाडीवान म्हणून ठेवतो. वाचकापुढे मात्र दोन कथा असतात. एक जॉनला ऐकू आलेली करमणुकीची, आणि दुसरी तिच्याच पोटातली, माणसाच्या शरीराचा हंगामी मालासारखा भाव कसा लावला जातो याची. ‘पोअर सँडी’ या पुढच्या कथेत ही धार आणखी तीक्ष्ण होते. या नातलगाकडून त्या नातलगाकडे उसना दिला जाणारा सँडी कंटाळून बायकोला विनवतो आणि ती मंत्राने त्याचे झाड करते. ती गावात नसताना मालक ते झाड तोडून त्याच्या फळ्या काढतो. ही कथा ऐकून अ‍ॅनीला त्या फळ्यांचे जुने बांधकाम वापरवत नाही, आणि काही दिवसांनी ज्युलियसची मंडळी तिथे चर्च भरवण्याची परवानगी मिळवतात. जॉन हिशेब पाहतो, अ‍ॅनी दुःख ओळखते. एकाच घरातले हे दोन श्रोते चेस्नटने मुद्दाम ठेवले आहेत, कारण मासिकाच्या वाचकांतही हे दोन्ही प्रकार होते.

पहिली काही वर्षे ‘अटलांटिक’च्या वाचकांना हा लेखक कृष्णवर्णीय आहे हे माहीतच नव्हते. ‘द कॉन्ज्युअर वुमन’ हा सात कथांचा संग्रह १८९९ मध्ये निघाला. त्याच वर्षी ‘द वाइफ ऑफ हिज यूथ’ हा दुसरा संग्रहही आला, ज्यात चेस्नटने उजळ कातडीच्या काळ्या मध्यमवर्गाची रंगश्रेष्ठतेची भावना तपासली. विल्यम डीन हॉवेल्ससारख्या वजनदार समीक्षकाने या कथांची वाखाणणी केली. पण विल्मिंग्टन शहरात १८९८ मध्ये झालेल्या काळ्यांच्या कत्तलीवर चेस्नटने १९०१ मध्ये उघडपणे कादंबरी लिहिली, तेव्हा तोच वाचकवर्ग दुरावला. पुस्तक खपले नाही आणि चेस्नट पुन्हा लघुलेखनाच्या व्यवसायाकडे वळला. गोऱ्या वाचकासमोर कुठवर बोलता येते याची सीमा त्याच्या कारकिर्दीने दाखवून दिली.

त्याच काळात कवी म्हणून गाजलेल्या पॉल लॉरेन्स डनबरचे कथासंग्रह आले, आणि अ‍ॅलिस डनबर-नेल्सनने न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल वस्तीवर कथा लिहिल्या. डनबरवर मळ्याच्या साच्यात लिहिल्याचा आरोप होत आला आहे. तो पूर्ण खोटा नाही, पण १९०४ च्या संग्रहातली ‘द लिंचिंग ऑफ जूब बेन्सन’ वाचल्यावर तो तसाच ठेवता येत नाही. जमावाने निरपराध काळ्याला कसे मारले हे तिथे एक गोरा डॉक्टर, त्या गुन्ह्यातला सहभागी म्हणून, स्वतः सांगतो. या वेळी बोलणारा गोरा आहे आणि तो कबुली देतो आहे.

विसाव्या शतकात कृष्णवर्णीयांनी स्वतःची नवी मासिके उभी केली आणि चित्र पालटले. बॉस्टनच्या ‘कलर्ड अमेरिकन मॅगझीन’मध्ये पॉलिन हॉपकिन्सने लेखन आणि संपादन दोन्ही सांभाळले. एनएएसीपी या संघटनेचे ‘द क्रायसिस’ १९१० मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉयसच्या संपादनाखाली सुरू झाले. तिथला साहित्यविभाग १९१९ पासून जेसी फॉसेटने पाहिला. नॅशनल अर्बन लीग या संघटनेने १९२३ मध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी’ काढले आणि चार्ल्स जॉन्सन या समाजशास्त्रज्ञ संपादकाने कथास्पर्धा भरवल्या. दक्षिणेतून लाखो माणसे उत्तरेच्या शहरांत येत होती. न्यू यॉर्कचे हार्लेम त्यांचे मोठे केंद्र बनले. रुडॉल्फ फिशर या क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टरने ‘द सिटी ऑफ रेफ्यूज’ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातून पळून भुयारी रेल्वेतून हार्लेममध्ये बाहेर पडणारा माणूस रंगवला. काळा पोलीस पाहून हरखून जाणारा हा माणूस शहरातल्याच लोकांकडून फसवला जातो.

या स्पर्धांतूनच झोरा नील हर्स्टन पुढे आली. ‘स्पंक’ या कथेला १९२५ मध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी’चे दुसरे बक्षीस मिळाले. ती वाढली फ्लोरिडातल्या ईटनव्हिलमध्ये, जे काळ्यांनीच वसवलेले आणि काळ्यांनीच चालवलेले गाव होते. तिच्या कथांतली माणसे दुकानाच्या पडवीत बसून एकमेकांशी बोलतात, टोमणे मारतात, थापा रचतात. कोणी जॉन तिथे वही घेऊन बसलेला नसतो. ‘स्वेट’ (१९२६) मधली डीलिया गोऱ्यांचे कपडे धुऊन घर चालवते आणि नवरा तिचा छळ करतो. तिच्या पंधरा वर्षांच्या घामाचा हिशेब ती आपल्या माणसांच्या भाषेत, आपल्याच माणसाला ऐकवते. ही कथा ‘फायर!!’ या तरुण लेखकांच्या मासिकात आली, ज्याचा एकच अंक निघाला.

सगळ्यांना हे मानवले नाही. रिचर्ड राइटने १९३७ मध्ये हर्स्टनच्या कादंबरीवर टीका करताना ती गोऱ्या वाचकाला आवडेल असा काळा माणूस दाखवते असे म्हटले. पुढच्याच वर्षी राइटचा ‘अंकल टॉम्स चिल्ड्रन’ हा दीर्घकथांचा संग्रह आला, आणि हर्स्टनने त्यात नुसता द्वेष आणि हिंसा आहे, काळ्यांच्या जगण्यातली बाकीची समज नाही, असे परीक्षणात लिहिले. या वादात दोघांपैकी एकाची बाजू घेणे अनावश्यक आहे. राइटच्या ‘बिग बॉय लीव्ह्ज होम’ मध्ये पोहायला गेलेल्या चार मुलांचा दिवस पाहता पाहता जमावाच्या आगीत संपतो. ती कथा दक्षिणेच्या दहशतीबद्दल जे सांगते ते हर्स्टनच्या पडवीत सापडत नाही. आणि पडवीवरचे हसू राइटच्या जगात नाही. राइटला मात्र स्वतःच्याच यशाची खंत वाटली. वाचक रडून हलके होतात हे पाहून त्याने पुढचे पुस्तक, ‘नेटिव्ह सन’, रडण्याची सवलत न देणारे लिहायचे ठरवले.

लँग्स्टन ह्यूजने वेगळी वाट काढली. ‘द वेज ऑफ व्हाइट फोक्स’ (१९३४) मध्ये त्याने आश्रयदात्या गोऱ्या सज्जनांचेच निरीक्षण केले, म्हणजे पाहणारा आणि पाहिला जाणारा यांची अदलाबदल केली. १९४३ पासून ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकातल्या आपल्या सदरात त्याने जेसी सेंपल ऊर्फ ‘सिंपल’ हा हार्लेमचा कामगार बोलता केला. हे सदर वाचणारे लोक सिंपलसारखेच होते, आणि त्यांच्यात तो खूप लोकप्रिय झाला.

चाळीस आणि पन्नाशीच्या दशकांत कथा शिल्पाने अधिक रेखीव झाली. अ‍ॅन पेट्रीच्या ‘लाइक अ वाइंडिंग शीट’ मध्ये युद्धसामग्रीच्या कारखान्यातला कामगार दिवसभराचा अपमान गिळतो आणि घरी येऊन तो राग बायकोवर काढतो. राल्फ एलिसनने ‘किंग ऑफ द बिंगो गेम’ लिहिली. जेम्स बाल्डविनच्या ‘सनीज ब्लूज’ (१९५७) मध्ये बीजगणित शिकवणारा थोरला भाऊ धाकट्याला अटक झाल्याची बातमी भुयारी रेल्वेत वाचतो आणि शेवटी जॅझच्या क्लबात त्याचे वादन ऐकतो. या कथेत सांगणे आणि ऐकणे भावाभावांतले आहे, आणि ऐकायला शिकणे हाच तिचा विषय आहे.

या कथांचा अभ्यास त्यांच्या लेखनापेक्षा फार उशिरा सुरू झाला. विद्यापीठांतल्या इंग्रजी विभागांच्या लेखी बराच काळ त्या अस्तित्वातच नव्हत्या. अभ्यासाचे पहिले काम संग्राहकांनी आणि काळ्यांच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी केले. आर्थर शोंबर्गचा ग्रंथसंग्रह न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी १९२६ मध्ये विकत घेतला गेला. हॉवर्ड विद्यापीठात १९२९ पासून चार दशके शिकवणाऱ्या स्टर्लिंग ब्राउनने १९३३ च्या निबंधात गोऱ्या लेखकांनी रंगवलेल्या काळ्या पात्रांचे ठरावीक साचे एकेक करून मांडले, आणि १९४१ मध्ये आर्थर डेव्हिस व युलिसिस ली यांच्यासह ‘द नीग्रो कॅरॅव्हान’ हा मोठा संकलनग्रंथ सिद्ध केला. पुढच्या पिढीच्या शिक्षकांनी या ग्रंथाच्या आधारावर वर्ग चालवले. १९६७ मध्ये लँग्स्टन ह्यूजने कृष्णवर्णीयांच्या निवडक कथांचा संग्रह संपादित केला; त्यात चेस्नटपासून नवख्या अ‍ॅलिस वॉकरपर्यंत सगळे एका ठिकाणी आले.

खरा धक्का विद्यार्थ्यांनी दिला. सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयातला संप नोव्हेंबर १९६८ मध्ये सुरू झाला आणि मार्च १९६९ मध्ये संपला. त्यातून कृष्णवर्णीय अभ्यासाचा स्वतंत्र विभाग मिळाला आणि देशभर अशा मागण्या उठल्या. शिकवायला पुस्तके हवी होती, म्हणून बंद पडलेली पुस्तके पुन्हा छापली जाऊ लागली. कथालेखनही त्याच वाऱ्याने बदलले. टोनी केड बंबाराच्या ‘द लेसन’ मध्ये हार्लेमची तिखट जिभेची मुलगी महागड्या खेळण्यांच्या दुकानात हजार डॉलरांहून अधिक किमतीचे खेळण्यातले जहाज पाहते. तिची बोली कोणासाठीही सोपी केलेली नाही. जेम्स अ‍ॅलन मॅक्फर्सनच्या ‘एल्बो रूम’ला १९७८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले, कथात्म साहित्यासाठी ते मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय लेखक.

या अभ्यासाचा सर्वांत मोठा शोध मात्र एका स्मशानात लागला. हर्स्टन १९६० मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट पियर्सला विपन्नावस्थेत वारली आणि खुणेचा दगडही नसलेल्या जागी पुरली गेली. तिची पुस्तके बाजारातून नाहीशी झाली होती. ऑगस्ट १९७३ मध्ये अ‍ॅलिस वॉकर तिथे गेली, गवतात जागा शोधून तिने दगड बसवला आणि १९७५ मध्ये ‘मिस’ मासिकात त्यावर लेख लिहिला. रॉबर्ट हेमेनवेचे चरित्र १९७७ मध्ये आणि वॉकरने संपादित केलेले हर्स्टनचे निवडक साहित्य १९७९ मध्ये आले. आज हर्स्टनशिवाय अमेरिकी कथेचा अभ्यासक्रम अपुरा वाटतो; पन्नास वर्षांपूर्वी तिचे नावही वर्गात क्वचितच निघत असे. दर्जा असलेले साहित्य आपोआप टिकते या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर नाही.

१९७५ मध्येच रॉबर्ट बोनचा ‘डाउन होम’ हा या कथेचा आरंभापासून हार्लेम पर्वापर्यंतचा इतिहास आला, आणि मेरी हेलन वॉशिंग्टनने ‘ब्लॅक-आइड सुझन्स’ हा स्त्रियांच्या कथांचा संग्रह काढला. हेन्री लुई गेट्सने १९८८ च्या ‘द सिग्निफाइंग मंकी’ मध्ये काळ्यांच्या बोलण्यातल्या आडवळणाच्या, दुहेरी अर्थाच्या परंपरेवर वाङ्मयीन सिद्धांत उभारला. चेस्नटचा ज्युलियस त्यानंतर भाबडा म्हातारा म्हणून वाचणे शक्य राहिले नाही. गेट्स आणि नेली मके यांनी संपादित केलेल्या नॉर्टन संकलनग्रंथात सेजूरची कथा इंग्रजीत आली, आणि दीडशे वर्षांहून जुनी ही कथा अमेरिकेतल्या वर्गांपर्यंत पोहोचली.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रात येतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यु बॉयसना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. पुढे अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आलेल्या म. ना. वानखेडे यांनी आणि जनार्दन वाघमारे यांच्या ग्रंथाने कृष्णवर्णीय साहित्याची ओळख मराठीत करून दिली, आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या संघटनेचे नाव घेतले. मात्र यावरून दलित कथेला तिकडची नक्कल म्हणणे चुकीचे ठरेल. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा संग्रह १९६३ चा, पँथरच्या नऊ वर्षे आधीचा. त्याची धग इथल्याच वस्त्यांतली आहे. साम्य आहे ते वाचकाच्या प्रश्नात. आपल्या भाषेत, आपल्याच माणसांसमोर कथा मांडायची की साहित्याच्या दरबारात मान्य होईल अशा भाषेत, हा पेच दोन्हीकडे लेखकांना पडला.

टोनी मॉरिसनने तिच्या हयातीत छापून आलेल्या एकमेव कथेत, १९८३ च्या ‘रेसिटाटिफ’ मध्ये, हा प्रश्न वाचकावरच उलटवला. अनाथालयात एकत्र राहिलेल्या ट्वायला आणि रॉबर्टा यांपैकी एक काळी, एक गोरी. पण कोण कोणती हे कथा शेवटपर्यंत सांगत नाही. वाचक खुणा शोधत राहतो आणि त्या खुणा त्याच्याच मनात कुठून आल्या हे त्याला तपासावे लागते. अमेरिकेतल्या वर्गांत ही कथा आज भरपूर शिकवली जाते. तसे भाग्य मोजक्याच कथांना लाभले. संकलनग्रंथांत ‘सनीज ब्लूज’, वॉकरची ‘एव्हरीडे यूज’, ‘स्वेट’ अशा ठरावीक कथा पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांच्या लेखकांच्याही बाकीच्या कथा मागे पडतात. पेट्री, फिशर, मॅक्फर्सन यांना त्याची विशेष झळ बसली.

दरम्यान जुन्या वृत्तपत्रांच्या फाइली चाळण्याचे काम चालू आहे. जिनेव्हिव्ह वेस्टने २०२० मध्ये हर्स्टनच्या कथांचा जो संग्रह संपादित केला, त्यात विसरल्या गेलेल्या अनेक कथा आहेत. त्यांतल्या काही ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात १९२७ मध्ये छापल्या होत्या आणि त्या ईटनव्हिलच्या नाहीत, हार्लेमच्या आहेत. खेड्यातली लेखिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हर्स्टनने शहरात आलेल्या माणसांवरही त्याच काळात लिहिले होते, आणि ते वाचणारे कुरिअरचे हजारो वर्गणीदार होते.